क्युरेटर म्हणजे जुन्या वस्तू पुसणारा माणूस का?

ऐरोलीहून विचारलंय: इतिहासात बी.ए. चालू आहे, म्युझियममध्ये काम करायचंय, पण आई म्हणते, जुन्या वस्तू पुसायला एवढं शिकलीस का?

आईंना सांगा, पुसायला तर मनाईच आहे. चौदा वर्षं मी ठाण्याहून लोकलने मुंबईतल्या एका संग्रहालयात जातेय. कुणी मूर्तीवर ओलं फडकं फिरवताना दिसलं की आजही पोटात गोळा येतो.

सरकारी मराठीत क्युरेटरला अभिरक्षक म्हणतात. शब्द जड आहे, पण काम राखणीचंच. वस्तू आली की आधी नोंदवही: माप, वजन, कुठून आली, कुठे टवका उडालाय, फोटो. मग नंबर. तो दगडावर थेट लिहायचा नाही. आधी पारदर्शक रेझिनचा पातळ थर, त्यावर आकडा, म्हणजे उद्या काढता येतो. पैठणी असेल तर फितीवर लिहून ती फीत सैल टाक्यांनी शिवायची. कापड-कागदावर साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं माप) वर प्रकाश नको, म्हणून ती दालनं अंधारी असतात. (लोक विचारतात, लाइटबिल वाचवताय का?) पावसाळ्यात बुरशी आणि कसर यांच्याशी भांडण. दिवसातला निम्मा वेळ लिहिण्यात जातो, हे आधीच सांगून ठेवते.

दुसरी बाजू एज्युकेटरची, म्हणजे आलेल्या लोकांना वस्तू समजावून सांगणाऱ्याची. आमच्याकडे माणसं कमी, त्यामुळे दोन्ही टोप्या माझ्याच डोक्यावर. खरं सांगायचं तर मला हीच जास्त आवडते.

ठाणे म्हणजे शिलाहार राजांचं श्रीस्थानक. त्या काळातले गधेगळ नावाचे कोरीव दगड कोकणात सापडतात: वर चंद्रसूर्य, मध्ये जमीन दान दिल्याचा मजकूर, खाली गाढव आणि बाई. अशाच एका दगडासाठी मी लेबल लिहिलं होतं, ‘भूदानविषयक शापशिल्पांकित शिलालेख’ वगैरे, चांगला दीडशे शब्दांचा ऐवज. कुणीही वाचलं नाही. मग कळव्याच्या एका शाळेची सातवी आली. पोरं खालचं चित्र बघून खुसखुसायला लागली, बाई घाईने म्हणाल्या, “चला, पुढे चला.” मी थांबवलं. चंद्रसूर्य कशाला काढले असतील? एक जण म्हणाला, “ते असेपर्यंत जमीन त्यांचीच.” बरोबर. आणि गाढव? मी म्हटलं, दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी आहे ही, आईवरून. क्षणभर शांतता. मग मागून आवाज: “ताई, आमच्या चाळीच्या भिंतीवर पण लिहिलंय, इथे कचरा टाकेल तो गाढव!”

सगळे हसले. एक मुलगी हसली नाही. तिने विचारलं, “जमीन तो लुबाडणार, मग शिवी आईला का?” माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. त्यावर वीस मिनिटं बोलणं झालं आणि त्यांची बस खोळंबली. नवं लेबल मी पस्तीस शब्दांचं केलं, पहिलं वाक्य: ‘ही दगडात कोरलेली शिवी आहे.’ वरिष्ठांनी ‘शिवी’ खोडून ‘शापवचन’ केलं. मी परत ‘शिवी’ केलं. तीन आठवडे कागद इकडून तिकडे फिरला, शेवटी शिवी टिकली.

शिक्षणाचं थोडक्यात: म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून शिकवतात, पुरातत्त्वाकडे ओढा असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज. कायम जागा कमी, कंत्राटी जास्त. घरी हे लपवू नका.

पण फॉर्म भरण्याआधी एक करा. एखाद्या रविवारी भायखळ्याला राणीच्या बागेत जा. तिथल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना पडून तो फुटला, मग तुकडे जोडून उभा केला. त्याच्यासमोर अर्धा तास बसा आणि चाळीस शब्दांचं लेबल लिहा. घरी आईला वाचून दाखवा. जिथे त्या “म्हणजे काय गं?” म्हणतील, तिथून परत लिहा.