परदेशी डॉक्टरेटसाठी घर गहाण ठेवावे लागते का?

परदेशात पीएच.डी. करायची म्हणजे लाखोंचे कर्ज डोक्यावर घ्यायचे, ही धास्ती वडोदऱ्यातील बहुतेक पालकांच्या मनात असते. विज्ञानाच्या मुलांना प्रयोगशाळेतून पैसे मिळतात, हे त्यांनी ऐकलेले असते. कायदा आणि अर्थशास्त्र यांच्या संशोधनाला मात्र कोणी पैसे देत असेल, यावर त्यांचा विश्वास बसत नाही. काही वर्षांपूर्वी परदेशी शिक्षणाचा सल्ला घ्यायला माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाची हकीकत म्हणूनच सविस्तर लिहिते आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

कुटुंब दांडिया बाजारातले. मुलीने महाराजा सयाजीराव विद्यापीठातून अर्थशास्त्रात बी.ए. आणि पुढे एलएल.बी. केले होते, आणि एका ज्येष्ठ वकिलांकडे ती ज्युनिअर म्हणून काम शिकत होती. परदेशी प्रवेश मिळवून देणाऱ्या एका संस्थेने तिला अमेरिकेतील एक वर्षाचा एलएल.एम., म्हणजे कायद्यातील मास्टर्स, सुचवला होता आणि तिथे पोहोचल्यावर पीएच.डी.चे आपोआप जमते, असेही सांगितले होते. खासगी कंपनीतून निवृत्त झालेले वडील त्यासाठी फ्लॅट तारण ठेवायला तयार होते. मी पूर्ण खर्च देणाऱ्या डॉक्टरेटचा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना अमेरिकेला पाठवलं, पण त्यांच्याकडूनसुद्धा नोकरीचा करार लिहून घेतला होता. आमच्या मुलीला कोण कशाला फुकट शिकवेल?"

प्रश्न रास्त होता, आणि उदाहरण तर त्याहून नेमके होते. 1913 मध्ये बडोदा संस्थानाने बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली होती. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून त्यांना बडोद्याच्या नोकरीत रुजू व्हावे लागले, आणि लंडनची डी.एस्सी. हाती यायला 1923 साल उजाडले. मी वडिलांना सांगितले की यातून करारापेक्षाही मुदतीकडे पाहा. पैसे किती मिळणार हे सगळेच विचारतात. ते किती वर्षे मिळणार आणि कोणत्या अटीवर थांबणार, हे आधी विचारले पाहिजे.

फुकटच्या शंकेचे उत्तर सोपे आहे. परदेशी विद्यापीठ डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यावर उपकार करत नाही, त्याच्याकडून काम घेते. अमेरिकेत अर्थशास्त्राच्या चांगल्या विभागांत पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की साधारण पाच वर्षे शिक्षणशुल्क माफ होते, आरोग्यविमा आणि निर्वाहभत्ता मिळतो, आणि त्याबदल्यात विद्यार्थी बी.ए.च्या मुलांचे वर्ग घेतो, उत्तरपत्रिका तपासतो किंवा प्राध्यापकांच्या संशोधनात हातभार लावतो. नेदरलँड्समध्ये तर बहुतेक डॉक्टरेटचे उमेदवार चार वर्षांच्या करारावर विद्यापीठाचे पगारी कर्मचारीच असतात. म्हणूनच माझे मत मी कोणत्याही कुटुंबापुढे आडपडदा न ठेवता मांडते: पैशांची तरतूद नसलेला पीएच.डी. प्रवेश, विद्यापीठ कितीही नामांकित असले तरी, कर्ज काढून स्वीकारू नये.

आता मुलीचा प्रश्न. तिला स्पर्धा कायद्यात, म्हणजे कंपन्यांची मक्तेदारी आणि संगनमत रोखणाऱ्या कायद्यात, रस होता आणि तो अर्थशास्त्राच्या अंगाने अभ्यासायचा होता; त्यामुळे डॉक्टरेट कायद्यात करावी की अर्थशास्त्रात, हे तिचे तिलाच ठरत नव्हते. मी तिला अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम वाचायला दिला. सूक्ष्म अर्थशास्त्र, समष्टी अर्थशास्त्र आणि अर्थमिती (आर्थिक आकडेवारीचे संख्याशास्त्रीय विश्लेषण) हे तिन्ही विषय तेथे गणिताच्या भाषेतच शिकवले जातात, आणि पहिल्या वर्षाच्या अखेरीस होणाऱ्या पात्रता परीक्षेत जे उत्तीर्ण होत नाहीत, त्यांना अनेकदा मास्टर्सची पदवी घेऊन बाहेर पडावे लागते. कलन, रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि शक्य असल्यास वास्तव विश्लेषण एवढे गणित पदरात नसताना तिथे अर्ज करणे म्हणजे अर्जाचे पैसे वाया घालवणे होते. गणिताच्या तयारीला एखाद-दोन वर्षे द्यायची का, असे मी तिला विचारले. दोन दिवसांनी फोन करून तिने नको म्हणून सांगितले, आणि तो निर्णय मला प्रामाणिक वाटला.

कायद्याची वाट वेगळी आहे, आणि नेमके येथेच पालक कर्जाच्या फेऱ्यात सापडतात. अमेरिकेत कायद्यातील संशोधन पदवीसाठी, म्हणजे जे.एस.डी. किंवा एस.जे.डी.साठी, बहुधा आधी एलएल.एम. लागतो, तो एक वर्षाचा आणि महागडा असतो, त्याला आर्थिक साहाय्य तुटपुंजे मिळते, आणि तो केल्यावर जे.एस.डी.च्या मोजक्या जागांपैकी एक मिळेलच याची हमी कोणीही देऊ शकत नाही. त्या संस्थेने हीच गोष्ट सांगायची टाळली होती. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डचा क्लॅरेंडन निधी, केंब्रिजची गेट्स शिष्यवृत्ती किंवा राष्ट्रकुल शिष्यवृत्ती मिळाली तर फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही भागतात, मात्र स्पर्धा कमालीची असते. शिवाय बोलोन्या, हॅम्बुर्ग आणि रॉटरडॅम ही तीन विद्यापीठे कायदा आणि अर्थशास्त्र यांची संयुक्त डॉक्टरेट चालवतात, हे ऐकून मुलगी खुर्चीत सरसावून बसली.

मास्टर्स तर हवाच होता. तो परदेशातच करायला हवा असे मात्र नव्हते. तिने क्लॅट ही विधी प्रवेश परीक्षा देऊन गांधीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात एक वर्षाचा एलएल.एम. केला. त्याचा खर्च वडिलांच्या बचतीतून निघाला, आणि घरापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर तिला प्रबंधिका लिहिण्याची सवयही लागली.

त्या वर्षी आम्ही सर्वाधिक वेळ संशोधन आराखड्यावर घालवला. तिच्या पहिल्या मसुद्याचे शीर्षक होते 'भारतातील स्पर्धा कायदा : एक चिकित्सक अभ्यास'. मी तिला विचारले, "या शीर्षकात प्रश्न कुठे आहे?" बऱ्याच चर्चेनंतर तिने या कायद्याखाली कंपन्यांना होणाऱ्या दंडाचा मुद्दा पकडला. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये असा निर्णय दिला होता की कंपनीचा दंड ज्या उत्पादनात गैरव्यवहार झाला त्याच्याच उलाढालीवर ठरवावा. 2023 च्या दुरुस्तीने मात्र कंपनीची जगभरातील एकूण उलाढाल आधार मानली. दंडाचा पाया असा बदलल्याने कंपन्यांना खरोखर जरब बसते का, हा तिचा प्रश्न झाला. कायदा आणि अर्थशास्त्र दोन्ही त्यात आपोआप आले, आणि तो चार वर्षांत संपेल इतका आटोपशीरही होता. शिफारसपत्रांसाठीही तिने आपल्या शिक्षकांना नुसते "पत्र द्या" असे न म्हणता आराखडा आणि स्वतःचा एक लेख वाचायला दिला. माझ्या मते तिच्या अर्जाचे वजन वाढले ते या दोन गोष्टींमुळे.

अखेर दोन पत्रे आली. एका ब्रिटिश विद्यापीठाने प्रवेश दिला होता, शिष्यवृत्ती दिली नव्हती. वर्षाला वीस हजार पौंडांच्या पुढे जाणारी फी आणि राहण्याचा खर्च वेगळा. दुसरे पत्र नेदरलँड्समधील एका विद्यापीठाचे, पगारी जागेचे. वडिलांचा ओढा पहिल्याकडे होता, कारण ते नाव नातेवाइकांनी ऐकलेले होते. दुसरे पत्र मी त्यांच्यासमोर ओळीओळीने वाचले. पहिला करार एका वर्षाचा होता, आणि वर्षअखेरच्या मूल्यमापनात काम समाधानकारक ठरले तर आणखी तीन वर्षे मिळणार होती. त्यावर ते सावध झाले. अशी अट तेथे सर्रास असते. मूल्यमापन कशाचे होणार आणि कोण करणार, हे मार्गदर्शकांना आधीच विचारावे, असे मी सुचवले. मुलीने ई-मेलने विचारले, आणि पहिल्या प्रकरणाचा मसुदा व सुधारित आराखडा पाहिला जातो, असे स्पष्ट उत्तर आले. आईने एवढेच विचारले की दिवाळीला येता येईल का. पगारी नोकरी असल्याने हक्काची रजा मिळते, हे ऐकून त्यांचा चेहरा खुलला.

खर्च अजिबात आला नाही, असे मात्र नाही. विमानाचे तिकीट, घराची अनामत, पहिल्या महिन्याचे भाडे आणि थंडीचे कपडे, हे सारे पहिला पगार होण्याआधीच करावे लागते, आणि ही तजवीज करायला पूर्ण साहाय्य मिळालेली मुलेही विसरतात. वडिलांनी तेवढ्यासाठी एक मुदत ठेव मोडली. ती रक्कम मुलीने पगारातून हप्त्याहप्त्याने परत करायची, असे बाप-लेकीत ठरले.