‘नाटक कोणतं होतं?’

मी समुपदेशक. दिवाळी सरली की एक तक्रार माझ्याकडे हमखास येते. ‘मॅडम, सणासुदीला सगळ्यांनी मिळून कुठे जाऊ म्हटलं की मुलं तोंड वाकडं करतात.’

डोंबिवलीचे एक गृहस्थही तेच घेऊन आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सावित्रीबाई फुले नाट्यमंदिरात नाटक. आजी, नवरा-बायको, दोन मुलं. तिसऱ्या रांगेची ५ तिकिटं, अडीच हजार रुपये. नाट्यगृहाच्या पायऱ्यांवरच त्यांनी थोरल्याला मराठी रंगभूमीची सुरुवात, १८४३, सांगली, विष्णुदास भावे, ‘सीता स्वयंवर’ असं सगळं ऐकवलं होतं. मध्यंतरात त्या १४ वर्षांच्या चिरंजीवांनी विचारलं, ‘बाबा, अजून किती आहे?’

रिक्षात कुणी बोललं नाही. घरी पोचल्यावर सगळेच बोलले.

‘त्याला आवडायलाच हवं होतं,’ गृहस्थ म्हणाले. ‘आमचे वडील, अप्पा, आम्हाला दर दिवाळीत दादरच्या शिवाजी मंदिरला नाटकाला न्यायचे. आम्ही कसे बसायचो!’

माझी बैठक अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारांची: इच्छा असू द्यावी, तिचा हट्ट झाला की त्रास. माणूस ‘हवं’ म्हणाला तर मी ऐकून घेते. ‘हवंच’ म्हणाला की कान टवकारते. त्या ‘च’वर आमच्या तीन भेटी गेल्या. ते मान डोलवायचे, आणि पुढच्या वेळी ‘च’ पुन्हा दारात हजर.

चौथ्या भेटीत मी समजावणं सोडलं.

‘अप्पांबरोबर पाहिलेलं एखादं नाटक सांगा ना. नाटक कोणतं होतं?’

‘नाव... आत्ता नाही आठवत.’

‘गोष्ट?’

‘एक दिवाणखाना होता. सोफा होता.’ मग स्वतःच हसले. ‘तो काय, सगळ्याच नाटकांत असतो.’

‘मग काय आठवतं?’

बराच वेळ ते गप्प. मीही. नवखी होते तेव्हा अशा शांततेत काहीतरी बोलून मी माती करायचे, आता जमतं. मग बटाटावडा आला. अप्पा एकच घ्यायचे, दोघा भावांना अर्धा-अर्धा, स्वतःला तळलेली मिरची. तिसऱ्या घंटेला दिवे मंदावले की अप्पांची बाही धरायची. परतीच्या लोकलमध्ये त्यांच्या खांद्यावर झोप.

‘म्हणजे हो मॅडम, मी तरी नाटक कुठे बघितलं? मी बघितलंच नव्हतं!’

पहिल्यांदाच त्यांचा ‘च’ मला गोड वाटला.

‘आणि घरी आल्यावर अप्पा काय विचारायचे?’

‘काहीच नाही. तेच चार दिवस नाटकातले संवाद म्हणत घरभर फिरायचे.’

खरं सांगायचं तर यातून मीही शिकले. तोवर मी त्यांच्या अपेक्षेशी भांडत होते. अप्पांना मध्ये आणलं आणि भांडायचं कारणच उरलं नाही.

आता पालकांना मी सांगते, तिकिटं काढून मग ‘चल’ म्हणू नका. दोन-तीन जाहिराती मुलापुढे टाका, निवडू द्या. नकोच म्हणाला तर एक तिकीट कमी काढा आणि खरंच मजेत जाऊन या. रुसून गेलात तर तीही शिक्षाच. खिशाला जड जात असेल तर खुशाल बाल्कनीत बसा. महागाचं तिकीट काढलं की आपलं लक्ष रंगमंचावर कमी, मुलाच्या चेहऱ्यावर जास्त. या वयाला नाटक खरं तर सोयीचं असतं: अंधार, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, अडीच तास कुणी काही विचारत नाही. ती सोय ‘काय शिकलास?’ विचारून घालवू नका. मात्र मूल मित्र, जेवण, शाळा सगळंच टाळत असेल, तर तो प्रश्न नाटकाचा नाही. त्यासाठी वेगळं भेटा.

मे महिन्यात त्या गृहस्थांचा फोन आला. यंदा नाटक मुलाने निवडलं होतं, भुताचं. आजीला अजिबात आवडलं नाही. वड्याच्या रांगेत मात्र तोच उभा राहिला.

‘आणि त्याला आवडलं?’ मीच विसरून विचारलं.

‘विचारलं नाही मॅडम. जीभ चावून बसलोय परवापासून.’