बोबडे बोल? सातव्या महिन्यात?

प्रश्न असा आला आहे: ‘आमची मुलगी सात महिन्यांची आहे. दिवसभर “बाबाबाबा” चालू असतं. सासूबाई म्हणतात, हा तिचा पहिला शब्द. नणंद म्हणते, ही नुसती बडबड. आणि ह्यांनी तर “लेकीचे बोबडे बोल” असं लिहून तो व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवूनही दिला. बरोबर कोण?’

नणंद. सासूबाई थोड्या घाईत आहेत, त्यांचं समजू शकतो. पण ‘बोबडे बोल’ची तक्रार मला केव्हापासून करायची होती, ती आज करून घेतो. पाळण्यातल्या बाळाच्या तोंडून कसलाही आवाज निघाला की लोक ‘बोबडे बोल’ लिहितात. अहो, बोबडं बोलायला आधी बोलावं लागतं! ‘राम’ म्हणायचं असतं आणि ‘लाम’ बाहेर पडतं, ‘गाडी’ची ‘दाडी’ होते, ते बोबडं. शब्द डोक्यात पक्का असतो, फक्त जिभेला जमत नाही. ‘बोबडी वळली’ म्हणतानाही आपण हेच म्हणतो. भेदरलेल्याला काय सांगायचं ते नेमकं ठाऊक असतं, जीभच साथ देत नाही. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात ‘अपत्य बोले जरी बोबडी वाचा’ असं आहे. त्यातलं ‘बोले’ बघा. कोशांत ‘अस्पष्ट बोलणारा’ असा अर्थ सापडतो. लोकांनी त्यातलं ‘अस्पष्ट’ ठेवलं आणि ‘बोलणारा’ गाळलं.

आता मला खरं जे सांगायचंय ते. संस्कृत धातुपाठात, म्हणजे क्रियापदांच्या मुळांच्या यादीत, बोलण्याचे धातू अर्थासकट दिले आहेत, आणि तिथे एक फार सुंदर भेद आहे. ‘वद’ कशासाठी? ‘व्यक्तायां वाचि’, म्हणजे स्पष्ट बोलण्यासाठी. ‘कूज’ कशासाठी? ‘अव्यक्ते शब्दे’, म्हणजे अस्पष्ट आवाजासाठी. एकीकडे वाचा आहे, दुसरीकडे नुसता शब्द, म्हणजे आवाज. या ‘अव्यक्ते शब्दे’च्या मंडळींत आणखी कोण बसलंय? ‘म्लेच्छ’! हो, तोच. आज ज्याच्यातून धर्म, जात, तलवारी ऐकू येतात, तो मुळात उच्चारावरून आलेला शब्द आहे. पतंजलीच्या महाभाष्यात, त्या व्याकरणग्रंथात, अगदी सुरुवातीलाच गोष्ट आहे: असुर ‘हेलयो हेलयः’ असं ओरडत हरले, म्हणून म्लेच्छासारखं बोलू नये. म्हणायचं होतं ‘हे अरयः’, अरे शत्रूंनो. ‘र’चा ‘ल’ झाला! तीन वर्षांचं पोर ‘लाम’ म्हणतं तोच प्रकार. युद्ध हरले ते असुर बोबडे होते, आणि हे मला दरवेळी वाचताना हसू आणतं. काही टीकाकार म्हणतात की चूक लकाराची नाहीच, स्वर तीन मात्रांपर्यंत लांबवून प्लुत करायला हवा होता तो केला नाही, ही आहे. नियमाला धरून असेल त्यांचं. पण समोर ढळढळीत ‘ल’ दिसत असताना मात्रा मोजत बसणाऱ्यांनी घरात कधी लहान मूल ऐकलं नसावं.

म्लेच्छाचा जोडीदार म्हणजे ‘बर्बर’. ग्रीकांचा ‘बार्बारोस’ तोच. होमरच्या इलियड या महाकाव्यात कारियन नावाच्या परक्या लोकांना ‘बर्बर बोलीचे’ म्हटलंय. परक्याची भाषा कानाला ‘बर बर बर’ अशी लागली, त्यावरून नाव पडलं. माझी लाडकी मांडणी अशी: म्लेच्छ म्हणजे बोबडा, कारण तो काय म्हणतोय ते तुम्हाला कळतं आणि चूकही दिसते. बर्बर म्हणजे बडबड्या, कारण त्याचं काहीच कळत नाही, फक्त तेच तेच अक्षर ऐकू येतं. (ऋग्वेदाच्या उच्चारांवरच्या ऋक्प्रातिशाख्यात ‘बर्बरता’ हा रेफाच्या, म्हणजे ‘र’च्या, उच्चाराचा दोष म्हणून येतो आणि माझी मांडणी तिथे बिघडते. बिघडू दे. मी ती सोडणार नाही.) आपली ‘बडबड’ही त्याच नादाची. तुमची मुलगी सध्या बर्बर आहे, म्लेच्छ व्हायला तिला अजून अवकाश आहे.

बाळाकडे यायला हवं. पहिल्या दोन-तीन महिन्यांतले ते गळ्यातले गोड आवाज, त्यांना ‘कूजन’ म्हणा, ‘हुंकार’ म्हणा. साधारण सहा ते दहा महिन्यांत ‘बाबाबा’, ‘दादादा’, ‘मामामा’ सुरू होतं. व्यंजन आणि स्वर यांची पक्की जोडी, पुन्हापुन्हा. ही बडबड. दहा महिने उलटले तरी अशी अक्षरं ऐकूच येत नसतील तर शब्दकोश बाजूला ठेवून कान तपासून घ्यावेत, कारण ऐकू न येणाऱ्या मुलांत ही बडबड उशिरा येते. उलट, खुणांची भाषा बोलणाऱ्या घरातली बहिरी मुलं हातांनी बडबडतात, हे 1991 मध्ये नोंदलं गेलंय.

भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसनने 1941 मध्ये ठासून सांगितलं की बडबड आणि भाषा यांचा एकमेकींशी संबंध नाही, मधे खंड पडतो. मोठा माणूस, पण इथे साफ चुकला. बाळ बडबडीत जी अक्षरं घोळवतं त्यांतूनच त्याचे पहिले शब्द घडतात, हे 1985 मध्ये मेरिलिन विमन आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवलं. म्हणून तर ‘बाबा’ला आयती संधी मिळते. बिचारी ‘आई’! दोन स्वर, एकही व्यंजन नाही. बडबडीच्या साच्यात ती बसतच नाही. आणि ‘मामा’ म्हणजे आईच, असंही कुठे ठरलंय? जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे बाप, आई ‘देदा’. बाळ सगळीकडे तेच म्हणतं, अर्थ घरचे चिकटवतात.

ही हौस जुनीच. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने सांगितलंय की इजिप्तच्या साम्मेटिकस राजाने दोन मुलं धनगराकडे मुकाट वाढवली, आणि दोन वर्षांनी ती ‘बेकोस’ म्हणाली. फ्रिजियन भाषेत ते म्हणजे भाकरी, म्हणून फ्रिजियन लोक सर्वांत प्राचीन! भोवती शेळ्या होत्या, पोरं बहुधा ‘बें बें’ करत असावीत, असा तर्क पुढे कुणीतरी केला. राजाचं आणि तुमच्या सासूबाईंचं एकच झालं.

तर शब्द कधी म्हणायचा? तोच उच्चार, त्याच वस्तूसाठी किंवा माणसासाठी, पुन्हापुन्हा, आणि वेगवेगळ्या वेळी. उच्चार बरोबर असण्याची गरज नाही. ‘पाणी’ला कायम ‘भू’ म्हणणारं मूल शब्द बोलतंय. पंख्याकडे बघून, बाहुली चावताना आणि झोपेतसुद्धा ‘बाबाबा’ म्हणणारं नाही. बहुतेक मुलांचा पहिला शब्द वर्षाच्या आसपास येतो. तोवर बाबांनी दाराआडून डोकावून बघावं, फोटो दाखवून बघावा. फक्त त्यांच्याच वेळी ‘बा’ आलं, आणि दुसऱ्या दिवशीही आलं, तर सासूबाईंना कळवा. व्हिडिओवरचं ‘बोबडे’ मात्र आत्ताच बदलून घ्या.