साताऱ्यातले चार दिवस: दोन घाटमाथ्याला, दोन माणदेशाला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून स्वतःची गाडी, सोबत सत्तरीचे आईवडील आणि शाळकरी मुलं, हाताशी चार दिवस. महाबळेश्वर-पाचगणी बघून झालंय, तर साताऱ्याच्या आसपास आणखी काय बघावं? आणि पूर्वेला नुसतं माळरानच आहे की जाण्यासारखं काही आहे?

मी कोरेगाव तालुक्यातला, त्यामुळे दोन्हीकडचा रस्ता रोजच्या वापरातला. माझं स्पष्ट मत आहे की चारातले दोन दिवस पश्चिमेला ठेवा आणि दोन पूर्वेला, म्हणजे कोरड्या माणदेशाला द्या. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी 5,500 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवरच्या, माण तालुक्यातल्या दहिवडीला 500 मिलिमीटर झाला तरी लोक म्हणतात, यंदा बरं झालं. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढतानाच रिते होतात, पलीकडे उतरतो तो कोरडा वारा. एकाच जिल्ह्यात ही दोन टोकं गाडीने, आईवडिलांची दमछाक न करता बघता येतात. निम्मा जिल्हा बघून परत जाऊ नका, एवढंच माझं सांगणं.

पहिला दिवस. पुण्याहून सकाळी लवकर निघा आणि सातारा यायच्या आधीच महामार्ग सोडून लिंब गावात शिरा. तिथली बारा मोटेची विहीर शके 1641 ते 1646 मध्ये, म्हणजे छत्रपती शाहूंच्या काळात बांधलेली आहे. वरून पाहिलं तर पिंडीच्या आकाराची दिसते. पायऱ्या उतरून आत गेलात की दगडी दालन लागतं, भिंतींवर शरभ, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक प्राणी, कोरलेले आहेत आणि भर दुपारी आत गारवा असतो. वडिलांना पायऱ्या नको असतील तर वरून, मोटा जिथे चालायच्या त्या बाजूनेही छान दिसते. पाणी कसं ओढायचे हे मुलांना तिथेच, मोटेचं पाणी जिथे पडायचं ती थारोळी दाखवून सांगा.

साताऱ्यात जेवून सज्जनगड. गाडी बरीच वर जाते, पुढे पायऱ्या आहेत, बसत बसत चढलं तर वयस्कर माणसांनाही जमतं. समर्थांच्या समाधीचं दर्शन झालं की तटावर या आणि खाली परळीच्या बाजूला उरमोडी धरणाचा जलाशय नीट बघून ठेवा. तिसऱ्या दिवशी त्याची आठवण काढायची आहे. तिथून ठोसेघर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला धबधब्याला पाणी असतं आणि बघायला बांधलेली गॅलरी असल्यामुळे दरीकडे उतरायची गरज पडत नाही. पुढे चाळकेवाडीचं पठार, पवनचक्क्यांचं. ऊन असेल तरच तिथवर जा. धुकं उतरलं तर दहा फुटांवरचं दिसत नाही, तेव्हा लगेच मागे फिरा.

दुसरा दिवस कास पठाराचा. शनिवार-रविवार टाळा, हे हात जोडून सांगतो. हंगामात प्रवेशाचं बुकिंग ऑनलाइन करावं लागतं, सकाळचीच वेळ घ्या. ऑक्टोबरमध्ये फुलांचा भर ओसरायला लागलेला असतो, त्यामुळे फोटोतले गालिचे मिळतीलच असं नाही. पण कास हे खाली वाकून बघायचं ठिकाण आहे. जांभ्या दगडाचा सपाट थर, त्यावर बोटभर माती आणि पावसात साचून राहणारं पाणी. या मातीत झाडाला लागणारं खत जवळपास नसतंच. मग सीतेची आसवं नावाचं इवलंसं जांभळं-निळं फूल दिसतं ना, त्याच्या जमिनीखालच्या धाग्यांना बारीक फुगे असतात. त्यात सूक्ष्म जीव ओढले जातात आणि झाड त्यांच्यावर पोसतं. मुलांना हे सांगून मग तेच फूल शोधायला लावा, तास कसा गेला कळणार नाही. पश्चिम घाटाच्या यादीतून 2012 मध्ये कासला जागतिक वारशाचं स्थान मिळालं ते या असल्या झाडांमुळे. पायवाट सोडून एक पाऊलही टाकू नका. तिथे बोटभर माती साठायला किती काळ गेला असेल, आणि ती एका चपलेने उखडते.

कासहून तसंच पुढे बामणोलीला उतरा. कोयनेच्या शिवसागर जलाशयात होडी मिळते. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, आजोबांनीसुद्धा. पलीकडच्या वासोटा किल्ल्याचा विचार या खेपेला सोडा. ती जंगलातली दमवणारी चढण आहे, वनखात्याची परवानगी लागते आणि पावसाळ्यात तो बंद असतो.

तिसऱ्या दिवशी सामान गाडीत टाकून साताऱ्याचा मुक्काम हलवा. रहिमतपूरमार्गे औंधला जा. डोंगरावर यमाईचं देऊळ आणि वाटेत भवानी संग्रहालय. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, त्यांनी 1938 मध्ये हे उभं केलं. राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं दगडातलं आई-मुलाचं शिल्प खटाव तालुक्यातल्या एका डोंगरावर आहेत हे आपल्याच जिल्ह्यातल्या अर्ध्या लोकांना माहीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. दोन तास तरी द्या. सुट्टीचा वार तेवढा आधी विचारून घ्या. चित्रांत कुणालाच रस नसेल तर मात्र कोरेगाव-पुसेगाव रस्त्याने जा. वर्धनगडाचा छोटा घाट चढून खटावात उतरताना दोन बाजूंच्या हिरवाईतला फरक डोळ्यांनी मोजता येतो.

वडूजच्या पुढे दहिवडीपर्यंत ऊस मागे पडत जातो, बाजरी, मटकी, हुलगा दिसायला लागतो, आणि मध्येच कुठे कालवा भरून वाहत असतो. सज्जनगडावरून बघितलेला तो जलाशय इथे आठवा. उरमोडीचं पाणी कालव्याने आणि पुढे उपसा करून खटाव-माणात आणलं आहे. या पाण्यासाठी इथल्या लोकांनी किती वर्षं वाट बघितली ते शेतात उभ्या असलेल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. गाडी थांबवून विचारलंत तर आनंदाने सांगतील, वर घरी चहाला नेतील.

गोंदवल्याला ब्रह्मचैतन्य महाराजांच्या समाधीचं दर्शन घ्या आणि महाप्रसाद घ्या. भक्तनिवासात जागा मिळाली तर आईवडिलांना मुक्कामाला यासारखी शांत जागा नाही, आधी चौकशी करून ठेवा. दुपार कलली की म्हसवड गाठा. सिद्धनाथाचं देऊळ बघा, मग घोंगड्यांचे माग कुठे चालू आहेत ते विचारा. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसलेला असतो, समोर मेंढीच्या लोकरीचं काळं-पांढरं सूत. त्याला चिंचोक्याची खळ देतात, त्याशिवाय लोकरीचा धागा मागावर टिकत नाही. म्हणून नवी घोंगडी हाताला कडक, टोचरी लागते आणि वापरता वापरता मऊ पडते. घ्यायची असेल तर विणणाऱ्याकडूनच घ्या आणि घासाघीस करू नका. एका घोंगडीमागे कातरणी, पिंजणी, सूत, खळ, विणाई अशी कितीतरी हातांची मेहनत असते.

संध्याकाळी जवळच्या राजेवाडी तलावावर जा. ब्रिटिश काळातलं धरण, पाणी दूरवर पसरलेलं आणि कडेने उघडं माळ. माळावर चंडोल आणि धाविक हे पक्षी दिसतील, गाडीतूनच बघा, उतरलात की उडतात. जेवायला बाजरीची भाकरी, ठेचा आणि मिळालं तर हुलग्याचं माडगं मागा. हॉटेलच्या कार्डावर ते नसतं, खानावळीत विचारून ठेवावं लागतं.

चौथ्या दिवशी शिखर शिंगणापूर. शंभू महादेव, भोसले घराण्याचं कुलदैवत. इथे यात्रेकरूंच्या पाण्याचे हाल व्हायचे म्हणून शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांनी मोठा तलाव बांधला. डोंगरमाथ्यावरच्या कोरड्या गावात तो तलाव बघताना माणदेशातल्या पाण्याची गोष्ट किती जुनी आहे ते समजतं. मुंगी घाट वरून दाखवा. चैत्रात याच उभ्या घाटाने माणसांची साखळी करून सासवडची तेल्या भुत्याची कावड वर चढवतात. घाटाकडे एकदा बघितलं की हे ऐकून मुलांचे डोळे विस्फारतात.

परतीला साताऱ्याकडे वळू नका. शिंगणापूरहून खाली फलटणला उतरा, श्रीराम मंदिर बघा, मग लोणंद-नीरा-जेजुरी-सासवड करत पुणे. रविवारी संध्याकाळी महामार्गावरच्या खंबाटकी घाटात पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांची जी रांग लागते ती या रस्त्याने टळते.

आता वेळेचं आणि उन्हाचं. पश्चिमेला छत्री-रेनकोट हाताशी ठेवा आणि पूर्वेला टोपी. पण माणात पाऊस नाहीच असं समजू नका. तिथला बराचसा पाऊस परतीचा, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर विजांसकट येणारा. आभाळ काळं झालं तर उघड्या माळावर किंवा झाडाखाली थांबायचं नाही, गाडीत बसायचं. ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी जात असेल तर गाडी घालू नका. कितीही कोरडा दिसणारा ओढा तासाभरात भरतो आणि तासाभरात उतरतोही, तेवढं थांबा. डिझेल-पेट्रोल वडूज किंवा दहिवडीला भरून घ्या, आणि वडिलांची रोजची औषधं साताऱ्यातूनच पुरेशी घेऊन निघा.

औंध आणि शिंगणापूर एकाच दिवशी उरकायचा मोह होईल, तो आवरा. आईला गुडघ्याचा त्रास असेल तर तसं लिहा, शिंगणापूरला कुठल्या बाजूने गेल्यास पायऱ्या कमी लागतील ते सांगतो.