कंपवात : गोळ्यांची पिशवी सोबत आणा

या विषयावर आलेल्या पत्रांत एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो. हात थरथरला की कंपवात (पार्किन्सनचा आजार) आणि थरथरत नसला की म्हातारपण, असे गृहीत धरून घरचे लोक महिनेच्या महिने घालवतात. म्हणून काही प्रश्नांना एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : वडील ६७ वर्षांचे आहेत. हात थरथरत नाही, पण चाल मंदावली आहे, उजवा खांदा आखडला आहे आणि सही बारीक होत चालली आहे. हा कंपवात असू शकतो का? (वाचक, दारव्हा)

असू शकतो. या आजाराचे मुख्य लक्षण हालचाल मंदावणे हे आहे. अनेक रुग्णांना सुरुवातीला कंप नसतोच. चालताना एकच हात हलत नाही, सदऱ्याची गुंडी लावायला वेळ लागतो, आणि खांदा आखडला म्हणून रुग्ण आधी हाडांच्या डॉक्टरकडे जातो. वास न येणे, बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणे किंवा हातपाय झाडणे हे तर कित्येकदा काही वर्षे आधीच सुरू झालेले असते. निदान मुख्यतः प्रत्यक्ष तपासणीवर होते. एमआरआय ‘नॉर्मल’ आला म्हणून निश्चिंत राहू नका. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : आईची भांडी वेगळी ठेवावीत, असे शेजारी सांगतात. (वाचक, पुसद)

मुळीच नको, हा आजार संसर्गाने पसरत नाही.

प्रश्न : सासूबाईंना चक्कर आणि आम्लपित्त यांसाठी दिलेल्या गोळ्या आम्ही आठ महिने दुकानातून तशाच आणत आहोत. आता त्यांचे दोन्ही हात थरथरतात आणि चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत. (वाचक, मोर्शी)

हे पत्र वाचून मी अस्वस्थ झालो, कारण असे रुग्ण मी सतत पाहतो. चक्करेच्या गोळ्यांतील सिनारिझिन, फ्लुनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन, उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड आणि आम्लपित्ताच्या कित्येक कॅप्सूलमध्ये पँटोप्रॅझोल किंवा रॅबेप्रॅझोलच्या जोडीला असलेले लेव्होसल्पिराइड ही औषधे मेंदूतील डोपामीनचे, म्हणजे हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या रसायनाचे, काम अडवतात, आणि त्यामुळे हुबेहूब कंपवातासारखी लक्षणे उद्भवू शकतात. थोड्या दिवसांसाठी लिहिलेली ही औषधे चिठ्ठीवरची मुदत संपल्यानंतरही दुकानातून मिळत राहतात. देणारा विचारत नाही आणि घेणारा सांगत नाही. मग कंप सुरू झाला की कंपवाताची गोळी वरून लागते, आणि मूळ कारण पिशवीच्या तळाशी तसेच राहते. माझ्याकडे आलेल्या एका आजींच्या कापडी पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्यांखाली आम्लपित्ताच्या कॅप्सूलची चार रिकामी पाकिटे दुमडून ठेवलेली होती. मुलाच्या मते ते ‘औषध’ नव्हतेच, ती ‘गॅसची गोळी’ होती. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे औषध बंद केल्यावर बहुतेकांची लक्षणे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात. काहींची मात्र राहतात, कारण खरा कंपवात आतून सुरू झालेला असतो. ते ओळखायलाही तज्ज्ञच लागतो. तेव्हा सर्व गोळ्या, पुड्या आणि रिकामी पाकिटे घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. मानसिक आजाराची औषधेही असा परिणाम करू शकतात, पण ती आपल्या मनाने कधीही थांबवू नका.

प्रश्न : आठवडी बाजारात मिळालेल्या चूर्णाने यजमानांना बरे वाटते. आता गोळ्या बंद कराव्यात, असे विक्रेता म्हणतो. (वाचक, हिंगणघाट)

बंद करू नका. खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असते, हे खरे आहे, आणि कंपवाताच्या मुख्य गोळीतही तेच असते. परंतु त्या पुडीत ते किती आहे आणि सोबत आणखी काय मिसळले आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. कंपवाताची गोळी एकाएकी थांबवल्यास तीव्र ताप, अंग लाकडासारखे ताठणे आणि बेशुद्धी येऊन जीवावर बेतू शकते. पुडी डॉक्टरांना दाखवा आणि विक्रेत्याचा सल्ला तिथेच सोडा.

प्रश्न : मामंजी उंबरठ्याशी आले की पाय चिकटल्यासारखे उभे राहतात. गोळी वरणभातासोबत देतो, तरी गुण येत नाही. घरी काय करावे? (सून, वरोरा)

त्यांना हाताला धरून ओढू नका. तोल जाऊन ते पडतील. थांबू द्या, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घ्यायला सांगा, आणि मग मोजून एक मोठे पाऊल टाकायला लावा. उंबरठ्याआधी जमिनीवर पांढरी पट्टी मारली, तर ती ओलांडण्याच्या निमित्ताने पाय पुष्कळदा सुटतो. झोळ पडलेल्या बाजेवरून त्यांना उठवणे कठीण जाते. त्यापेक्षा घट्ट आणि थोडा उंच पलंग बरा. उठताना आधी काठावर दोन मिनिटे बसवा, कारण रक्तदाब एकदम उतरू शकतो. लेव्होडोपाची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी पाण्यासोबत द्यावी, कारण वरण आणि दूध यांतील प्रथिने तिचे शोषण कमी करतात. मळमळ होत असेल तर वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा. गोळीची वेळ रोज एकच असू द्या. शेतातून परतल्यावर देऊ, असे चालणार नाही. शेतावर जायचे असेल, तर घरी राहणाऱ्या एका माणसाकडे घड्याळ आणि गोळी दोन्ही सोपवा.

प्रश्न : पाणी पिताना आईला ठसका लागतो. (वाचक, दारव्हा)

बसवून, हनुवटी थोडी खाली ठेवून, लहान घोट द्या. आडवे असताना काहीही भरवू नका. गिळण्याची तपासणी लवकर करून घ्या. ठसक्यासोबत ताप किंवा धाप असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.