सड्यावरचीच कातळशिल्पं का?

प्रश्न : रत्नागिरी-राजापूरकडची कातळशिल्पं, म्हणजे जमिनीलगतच्या खडकात रेषांनी कोरलेली चित्रं, सड्यांवरच का आढळतात?

उत्तर : मुख्यतः दगडामुळे. सडा म्हणजे जांभा दगडाचं उघडं पठार, माती जेमतेम. जांभ्यात लोह भरपूर, त्यामुळे वारा-ऊन लागून वरचा थर घट्ट होतो. तरी सच्छिद्र असल्याने बेसॉल्टपेक्षा कोरायला सोपा. शिवाय चित्रं मोठी : काशेली गावात कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब. एवढी सलग सपाटी उतारावर मिळणार कुठून?

बघायला सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना जा. तिरप्या उजेडात खोबणीत सावली भरते आणि रेषा उठून दिसतात. भर दुपारी मात्र हत्तीवर उभे असाल, तरी तो दिसणार नाही! फोटोसाठी रेषांत खडू मुळीच भरू नका. भुकटी छिद्रांत अडकते, ती काढायला घासलं की कडा झिजतात.