खाडीच्या मॉडेलमध्ये पाण्याची पातळी जुळते पण वेग आणि क्षारता जुळत नाही, मॅनिंगचा आकडा किती ठेवू?

मॅनिंगला, म्हणजे तळाच्या घर्षणाच्या आकड्याला, हात लावू नका. निदान आत्ता तरी नको.

तुम्ही लिहिलंय की टाइड गेजवर (भरतीची पातळी मोजणाऱ्या यंत्रावर) पातळी ५-६ सेंटीमीटरच्या आत जुळते, मुखाजवळ वेग मात्र मोजलेल्यापेक्षा पंचवीसेक टक्के कमी येतो, खारं पाणी हवं तितकं आत शिरत नाही, आणि मॅनिंग ०.०२५ वरून ०.०१५ वर आणला की वेग जरासा सुधारतो. मॅनिंग खाली ओढत बसायचं काम मीही केलंय, चांगला दीड महिना घालवलाय त्यात, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

आधी एक गोष्ट, पातळी जुळली याचं फार कौतुक करू नका. समुद्राकडच्या बाउंड्रीवर, म्हणजे मॉडेलच्या कडेवर, पातळी तुम्हीच देताय, आणि गेज तिथून ८ किलोमीटरवर आहे असं म्हणताय. १० मीटर खोल पाण्यात भरतीची लाट सेकंदाला साधारण १० मीटरने पळते, म्हणजे ती पंधरा मिनिटांच्या आत गेजवर पोचते. मुख्य भरतीचं चक्र १२ तास २५ मिनिटांचं. त्यामुळे तिथे तुम्ही बाउंड्रीला जे दिलं तेच थोड्या उशिराने परत वाचताय, मॉडेल आतून कितीही चुकीचं असलं तरी तो ग्राफ छानच दिसणार.

वेगाचं तसं नाही. मुखातून किती पाणी आत-बाहेर जातं हे आतली खाडी किती पसरलीये त्यावर ठरतं, आणि हा हिशोब कागदावर पाच मिनिटांत होतो. समजा आतलं क्षेत्र २० चौ. किमी आणि भरती-ओहोटीत फरक ३ मीटर, तर एका भरतीत ६ कोटी घनमीटर पाणी आत यायला पाहिजे. सव्वासहा तासांत ते यायचं म्हणजे सेकंदाला सरासरी २७०० घनमीटरच्या आसपास. मुखाचा काटछेद ३००० चौरस मीटर धरला तर सरासरी वेग ०.९, आणि भरती साइन कर्व्हसारखी धरली तर कमाल वेग त्याच्या दीडपट, म्हणजे १.४ मीटर प्रति सेकंद. या सगळ्या हिशोबात मॅनिंग कुठे आला? आलाच नाही. आता यातले ५ चौ. किमी जर तुमच्या मेशमध्येच (खाडी ज्या छोट्या तुकड्यांत, म्हणजे सेलमध्ये, विभागता त्या जाळ्यात) नसतील तर वेग किती पडेल बघा. (खाजणात पूर्ण ३ मीटर पाणी चढत नाही, त्यामुळे तूट बरोब्बर पाव येणार नाही, थोडी कमी येईल, पण दिशा तीच.)

म्हणून माझा पहिला संशय तुमच्या मेशच्या कडेवर आहे. सर्व्हेची बोट उथळ पाण्यात जाऊच शकत नाही, त्यामुळे खाजणं, तिवरांचा भाग, आतले छोटे फाटे इथली बॅथिमेट्री (तळाच्या खोलीची मापं) मिळतच नाही, आणि मग आपण सॅटेलाइट फोटोवरून किनाऱ्याची रेघ मारतो. तो फोटो ओहोटीचा असेल तर संपलंच, निम्मं खाजण बाहेर. भरतीच्या वेळेचा फोटो शोधा, मेश तिवरांच्या मागेपर्यंत न्या, आणि सेल ओले-सुके होण्याची (भरतीत बुडण्याची, ओहोटीत उघडे पडण्याची) सोय चालू आहे का ते बघा.

दुसरा संशय डेटम, म्हणजे उंची-खोली जिथून मोजतात ती शून्याची पातळी. इथे माझी स्वतःची फजिती सांगते. चार्टवरची खोली चार्ट डेटमपासून असते, म्हणजे जवळपास सगळ्यात खालच्या ओहोटीपासून, आणि जमिनीवरचा सर्व्हे असतो सरासरी समुद्रसपाटीपासून. मी दोन्ही एकाच फाइलमध्ये टाकले, फरक न मिळवता. माझ्याकडे तो फरक पावणेदोन मीटर होता, म्हणजे माझी अख्खी मुख्य धार पावणेदोन मीटरने उथळ झाली, तळाचं घर्षण वाढलं, भरती आत पोचेना. मग मी मॅनिंग खाली खाली आणत गेले आणि ०.०१४ ला वरचा गेज एकदम मस्त जुळला, मी तर ग्राफ प्रिंट करून भिंतीवर लावला होता. उधाणाला (मोठ्या भरतीला) जुळणारं ते मॉडेल भांगाच्या (लहान) भरतीला सपशेल तोंडावर पडलं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या, आणि पाण्याची उंची बदलली की त्यांचं प्रमाण बदलतं, मग झाकणं संपतं.

०.०१५ म्हणजे काय तर गुळगुळीत फिनिश केलेल्या काँक्रीटचा कालवा. तुमच्या खाडीचा तळ तसा आहे का? वाळू, तिच्या लाटा, चिखल असा नेहमीचा तळ असेल तर ०.०२ ते ०.०३ च्या मध्ये कुठेतरी बसायला हवा, तिवरांत त्याच्या कितीतरी वर. अपवाद आहेत. जर्मनी-नेदरलँड्सच्या सीमेवरच्या एम्स नदीमुखात ड्रेजिंगने (तळ उपसून) खोली वाढवत नेली, त्यात पातळ चिखलाचा थर साचला, त्यावरून पाणी अक्षरशः घसरतं आणि आतल्या भागातली भरती खूप वाढली. तिथे कमी मॅनिंगला कारण आहे. तुमच्याकडे ‘ग्राफ जुळतो’ एवढंच कारण आहे.

गंमत म्हणजे कॉम्प्युटरच्या आधीही हेच भांडण होतं. सॅन फ्रान्सिस्को उपसागराचं एक काँक्रीटचं मॉडेल सॉसालिटोला १९५७ मध्ये बांधून झालं, आडवी मापं हजारपट लहान पण उभी फक्त शंभरपट, म्हणजे सगळं दहापट ताणलेलं, आणि अख्खा दिवस १५ मिनिटांत उरकायचा. ताणल्यामुळे घर्षणाचं गणित बिघडतं म्हणून तळात तांब्याच्या हजारो पट्ट्या उभ्या केल्या आणि त्या कमी-जास्त करून भरती जुळवली. आपण एक आकडा टाइप करतो म्हणून हात सैल सुटतो, पट्ट्या रोवायच्या असत्या तर आधी बॅथिमेट्री तपासली असती.

अजून एक, तुमचं मोजमाप कुठलं आहे? एडीसीपी (ध्वनीने पाण्याचा वेग मोजणारं यंत्र) जर धारेच्या मधोमध ठेवला असेल आणि तुमचा सेल १५० मीटरचा असेल, तर त्या सेलमध्ये खोल धार आणि बाजूचा उथळ भाग दोन्ही मिसळलेत, मग मॉडेलचा वेग कमी दिसणारच. बोटीने काटछेद ओलांडून मोजलेलं असेल तर वेगाऐवजी पूर्ण काटछेदातून जाणारं पाणी ताडून बघा, कदाचित त्या पंचवीस टक्क्यांतले निम्मे इथेच गळून पडतील. आणि गेजचा टाइम स्थानिक की जागतिक हेही बघा, हसू नका, फार जणांचं इथेच अडतं.

क्षारतेचं वेगळं आहे. मुखातून पाणीच कमी आत येतंय म्हटल्यावर मीठही कमी येणार, ते आधी सुधारेल. पण तुमचं मॉडेल खोलीची सरासरी काढणारं टू-डी आहे, आणि नदीमुखात मीठ आत जायचा एक मोठा रस्ता त्यात नसतोच. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा फक्त अडीच टक्के जड, पण तेवढ्यावर ते तळातून आत सरकतं आणि वरचं मचूळ पाणी बाहेर जातं. प्रिचर्ड यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या जेम्स नदीमुखात मोजमापं घेऊन हे नीट मांडलं. भरतीच्या वेगापुढे हा प्रवाह किरकोळ दिसतो पण तो दिवसरात्र एकाच दिशेने चालू असतो. टू-डी मध्ये त्याची भरपाई डिस्पर्शनचा (मिश्रणाचा) आकडा वाढवून करतात, ते एका हंगामापुरतं चालतं, नदीचं पाणी वाढलं की परत बोंब. क्षारता हाच प्रश्न असेल तर थ्री-डी ला पर्याय नाही, उभे दहा तरी थर घ्या.

आणि तिथे जाल तेव्हा साधी अपविंड स्कीम (पाणी ज्या बाजूने येतं तिकडच्याच सेलचा आकडा घेणारी हिशोबाची पद्धत) वापरू नका. वेग १ मीटर आणि सेल २०० मीटर असेल तर ती स्कीमच स्वतःचं १०० चौरस मीटर प्रति सेकंद इतकं खोटं मिश्रण घालते, खऱ्या मिश्रणाच्या तोडीचं. क्षारता जुळल्यासारखी वाटेल, पण ग्रिड (मेश) बदललं की गायब. शिवाय मीठ स्थिर व्हायला वेळ लागतो, पातळी दोन-तीन दिवसांत लायनीवर येते, क्षारतेला कित्येक आठवडे लागू शकतात. तुमचा ५ दिवसांचा रन त्यासाठी पुरत नाही.

सगळीकडे सेल बारीक करायचा मोह आवरा, सेल निम्मा केला की सेल चौपट आणि एक्स्प्लिसिट मॉडेल (पुढच्या क्षणाचे आकडे थेट आधीच्या क्षणावरून काढणारं) असेल तर टाइम-स्टेपही निम्मा, म्हणजे आठपट वेळ. १० मीटर खोलीवर ५० मीटरचा सेल म्हणजे टाइम-स्टेप आधीच ५ सेकंदांच्या आत ठेवावा लागतो. धारेत बारीक ठेवा, खाजणात जाड चालेल.

तर आधी डेटम तपासा, मग खाजणं जोडा, मॅनिंग परत ०.०२५ ला न्या आणि उधाण-भांग दोन्ही येतील असा किमान १५ दिवसांचा रन लावा. मुखाच्या काटछेदातून जाणाऱ्या पाण्याचा ग्राफ इथे टाकलात तर बघून सांगते.